संघपालचे सहा गप्प आठवडे

मनाली मेश्राम त्या दिवशी पवनीला उतरली ती उपाशी. आणि उपाशी मनालीच्या वाटेला कुणी जाऊ नये, हे भंडाऱ्यात तिच्या घरच्यांना पक्कं ठाऊक होतं. पवनीला ते अजून कळायचं होतं. बस अड्याळला अर्धा तास बंद पडली होती, डबा घरीच राहिला होता आणि नोव्हेंबर असूनही ऊन पाठीला चावत होतं. स्टँडवरून निघून जुन्या परकोटाच्या तटबंदीकडे वळल्यावर जे पहिलं किराणा दुकान दिसलं, तिथे ती थांबली.

"भैया, ते पिवळं शेवेचं पाकीट द्या."

काउंटरपलीकडच्या तरुणाने लडीतून पाकीट तोडलं. दिलं मात्र नाही. उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं आणि मागची बारीक अक्षरं वाचू लागला.

"मॅडम, जेवन झालं का?"

"काय?"

"नाही म्हटलं, याच्यात मीठ भल्लं आहे. उपाशी पोटी घसा कोरडा पडते. फुटाने देऊ का? आत्ताच आनले भट्टीवरून."

मनालीने एक मोठा श्वास घेतला. पोषणशास्त्रात एम.एस्सी., पीएचडीचं तिसरं वर्ष... आणि तिला मिठाचं कोण शिकवतंय, तर पवनीचा किराणावाला!

"मला शेव पाहिजे."

"देतो ना. मी नाही म्हनून राहिलो का? फक्त सांगून राहिलो." त्याने शेव दिली आणि वर कागदाच्या पुडीत मूठभर फुटाणे. "हे असेच घ्या. आवडले तं ठीक, नाही तं शेव आहेच."

फुटाणे गरम होते, खमंग होते. तिने आधी तेच खाल्ले आणि म्हणून तिला जास्तच राग आला. पुडी संपवून तिने पर्समधून कागद काढला. "इथे संघपाल रामटेके यांचं दुकान कुठे आहे?"

तो हसला. हसला की त्याच्या डाव्या गालावर एक बारीकशी खळी पडायची, आणि ती नेमकी नको तेव्हा दिसायची. "तुमी त्याच्यातच उभ्या आहात."

तर ही अशी सुरुवात.

काम तसं सोपं होतं. ज्या पाकिटात मीठ, साखर किंवा तेल प्रमाणाबाहेर आहे, त्याच्या दर्शनी बाजूला ठळक लाल ठिपका चिकटवायचा, आत पांढऱ्या अक्षरांत 'मीठ जास्त' किंवा 'साखर जास्त'. मग सहा आठवडे पाहायचं, की ठिपका बघून लोक हात आखडता घेतात का. मागच्या बाजूची मुंगीएवढी अक्षरं कुणी वाचत नाही, निदान पुढचा ठिपका तरी वाचतील. विदर्भात बारा दुकानं निवडली होती, त्यातलं पवनीचं मनालीकडे होतं. तिचा अख्खा प्रबंध या एका दुकानावर उभा होता.

"नियम एकच," तिने पहिल्याच दिवशी बजावलं. "तुम्ही गिऱ्हाइकाला काही सांगायचं नाही. घ्या नाही, घेऊ नका नाही. जे करायचं ते ठिपक्याने करायचं."

"आन् कोनी इचारलं तं?"

"‘पाकिटावर लिहिलं आहे’, एवढंच म्हणायचं."

"बापरे," संघपाल म्हणाला. "हे कठीन आहे."

कठीण होतंच. हा माणूस तूरडाळ विकतानासुद्धा ती कोणत्या पाण्यात शिजते ते सांगायचा. उदबत्ती घेणाऱ्याला घरी सगळं बरं आहे ना, असं विचारायचा. आत पडद्यामागे त्याची आई पंचफुलाबाई तांदूळ निवडत बसायची आणि जे संघपालकडून विचारायचं राहिलं ते ती आतून विचारायची. "मेश्राम म्हनजे कोनत्या गावचे व?" हे मनालीला पहिल्या पाच मिनिटांत विचारून झालं होतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी मनाली यायची. नव्या मालावर दोघं मिळून ठिपके चिकटवायचे. खरं तर ती चिकटवायची आणि तो वाकडे लावायचा.

"सरळ लावा हो जरा!"

"सरळच आहे. पाकीटच वाकडं आहे." मग थोडं थांबून, ठिपक्याकडे बघत— "मॅडम, हा मानसाईले लावता आला असता तं? मले कोनता लावला असता?"

"‘बडबड जास्त’."

"आन् तुमाले?"

"मला कशाला? माझ्यात काहीच जास्त नाही."

त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. "राग जास्त," तो म्हणाला, आणि मग अगदी हळू, "पन त्याच्यानं काही बिघडत नाही... चव येते."

मनालीने मान खाली घातली आणि लागोपाठ तीन ठिपके वाकडे चिकटवले. तीनही तिनेच मग नखाने खरवडून काढले.

पहिल्या दोन आठवड्यांत ठिपक्याने काडीचाही फरक पडला नाही. लाल पाकिटं जशी आधी खपायची तशीच खपत होती. नागपूरहून गाईड मॅडमचा फोन आला तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून बोलली. "असंच चाललं तर माझं काही खरं नाही मॅडम," असं म्हणताना तिचा आवाज भरून आला होता. आत संघपाल पोह्याचं पोतं शिवत होता. त्याची सुई थांबलेली तिला दिसली नाही.

तिसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. लाल पाकिटांची विक्री निम्म्यावर आली. चौथ्यात आणखी उतरली. सहाव्यात शेवेच्या लडीच्या लडी जागच्या जागी लटकत राहिल्या. बारा दुकानांत असं कुठेच घडलं नव्हतं. गाईड मॅडम फोनवर टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. दिल्लीच्या परिषदेत पवनीचं दुकान दाखवायचं, तेही मनालीने स्वतः, असं ठरलं. तिने नवा ड्रेस शिवायला टाकला.

सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी ती परतीच्या बसची वाट बघत स्टँडवर बसली होती. शेजारी सत्यभामाबाई येऊन टेकल्या. संघपालच्याच आळीतल्या, दुकानात रोज येणाऱ्या. मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी पिवळ्या शेवेची चार पाकिटं.

"काय व मॅडम," त्यांनी मायेने विचारलं, "झाली का पास?"

"पास? कशात?"

"तुयी परीक्षा होती ना? संघपालनं आमाले सांगतलं सगळ्याईले. म्हने, मॅडमची परीक्षा आहे, लाल ठिपक्याचं माह्या दुकानातून कोनी घेऊ नका, नाही तं पोरगी नापास होईल. शेव खायचीच असंन तं कोपऱ्यावर गोपीचंदकडून घ्या." सत्यभामाबाईंनी पिशवी थोपटली. "महिना झाला, आमी गोपीचंदकडूनच घेऊन राहिलो. दोन गल्ल्या चालत जावं लागते, पन तुया शिक्षनासाठी केलं बाई."

समोरून भंडाऱ्याची बस लागली, भरली आणि निघून गेली. मनाली जागची हलली नाही. मग उठली, आणि ज्या चालीने ती परकोटाकडे निघाली ती पाहून रस्त्यातलं एक कुत्रंसुद्धा बाजूला झालं.

"काहून केलं तुमी असं?" काउंटरवर हात आपटून तिने विचारलं. रागावली की तिची विद्यापीठातली प्रमाण भाषा गळून पडायची आणि खालून भंडारा निघायचा. "अख्ख्या आळीले कायले सांगतलं?"

संघपालने गूळ फोडता फोडता हात थांबवला. खोटं बोलायचा त्याने प्रयत्नसुद्धा केला नाही. "तुमी त्या दिवशी फोनवर रडून राहिल्या होत्या."

"मी रडत नव्हते!"

"आवाज तसा होता. मले वाटलं, कमी विकलं तं तुमी पास. एवढंच करायचं आहे तं करून टाकू."

"आणि लोकं शेव कमी खात होती का? गोपीचंदकडून आणून तेवढीच खात होती! मला कमी नको होतं हो... मला खरं पायजे होतं!" आता मात्र ती खरंच रडली, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडली. "तुमचं गिऱ्हाईक तुम्ही हातानं गोपीचंदकडे धाडलं, महिनाभर! एवढं डोकं असतं का कुणाला?"

"नाही ना," तो खाली मान घालून म्हणाला. "तुमच्या बाबतीत नाही चालत माहं डोकं."

पडद्यामागे तांदूळ निवडण्याचा आवाज एकदम बंद झाला. मनालीने ते ऐकलं, तो काय म्हणाला तेही ऐकलं, आणि रागाच्या भरात दोन्ही बाजूला सारलं. ती निघून गेली.

शनिवार-रविवार तिने भंडाऱ्याच्या घरी छताकडे बघत काढले. सोमवारी आकडे पाठवायचे होते. सोबत दुकानदाराच्या सहीचा शेवटचा कागद जोडायचा होता: 'मी ग्राहकांना कोणताही सल्ला दिला नाही.' एक सही. सत्यभामाबाई काही दिल्लीला जाऊन सांगणार नव्हत्या. कुणालाही कळलं नसतं. सोमवारी पहिल्या बसने ती पवनीला आली आणि तिने कागद काउंटरवर ठेवला.

संघपालने तो वाचला. हा माणूस शेवेच्या पाकिटाची मागची बाजू वाचायचा, तो हे सोडणार होता थोडाच?

"हे खोटं आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"सही करू?"

त्याने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. "चूक माही आहे. तुमी म्हटलं तं आत्ता करतो. माह्या नावाचं काही नाही, कोन इचारते पवनीच्या किरानावाल्याले? पन खाली तुमचंही नाव आहे..." त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत कुठेही शिकवण नव्हती, नुसती वाट पाहणं होतं. "तुमी सांगा फक्त."

त्याने नाही म्हटलं असतं तर तिला त्याच्याशी भांडता आलं असतं. मनसोक्त भांडली असती. पण हा बाबा पेन उघडून उभा! मनालीने कागद ओढून घेतला, चार तुकडे केले आणि तिथेच उभं राहून गाईड मॅडमना फोन लावला.

सगळं सांगितलं. आळीचं, परीक्षेचं, गोपीचंदचं. पलीकडून जे आलं ते संघपाललाही काउंटरपलीकडे ऐकू जात होतं. दिल्ली गेली. आकडे रद्द. पुन्हा सहा आठवडे, जानेवारीपासून, आणि या वेळी मनालीने रोज चार ते सात दुकानात बसून स्वतः नोंद करायची. आणि हेही हुकलं तर प्रबंधासाठी दुसरा विषय शोधायचा.

"मी आळीले जाऊन सांगतो, परीक्षा झाली, आता जे पायजे ते घ्या," संघपाल म्हणाला. "आन् त्याच्यानंतर सहा हप्ते तोंड उघडनार नाही. चार ते सात एक शब्द नाही. अर्धा बोललो का पुरा बोलून जातो, मले माहीत आहे."

"तुम्हाला जमणार नाही."

"तुमच्यासाठी..." तो म्हणाला, आणि सराव म्हणून तिथेच थांबला.

आणि जमलं की हो! जानेवारीच्या पहिल्या सोमवारी चार वाजता संघपाल रामटेके गप्प झाला. लोक म्हणाले दात दुखतो, कुणी म्हणालं नवस बोलला, सत्यभामाबाईंनी तर पंचफुलाबाईंना बाजूला घेऊन वैद्याचा पत्ता दिला. गिऱ्हाईक मागायचं, तो द्यायचा. शेव मागितली शेव, बिस्किट मागितलं बिस्किट. कुणी ठिपक्याकडे बोट दाखवलं की तो पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेली पाटी वर धरायचा: 'पाकिटावर लिहिलं आहे.'

मनाली कोपऱ्यातल्या स्टुलावर वही घेऊन बसायची आणि वैतागायची. आधी तो बोलायचा म्हणून वैतागायची, आता बोलत नाही म्हणून. काय करावं या माणसाचं? तिला कळायला लागलं, की तो बोलत नसला तरी थांबत नाही. पावणेपाचला तिच्यासमोर चहा यायचा, कमी साखरेचा. तिने कधी सांगितलं नव्हतं. ऊन सरकलं की तो उठून पोत्याचा पडदा बरोबर तिच्या डोळ्यांवरची तिरीप जाईल एवढाच ओढायचा. फेब्रुवारीत एका संध्याकाळी आभाळ एकाएकी फाटलं, गारा तडतडल्या आणि पत्र्यावरून पाणी थेट कोपऱ्यात गळू लागलं. त्याने आधी तिची वही उचलली, गव्हाच्या पोत्यामागे ठेवली, आणि मग तिच्या डोक्यावर दोन्ही हातांनी प्लॅस्टिक धरून उभा राहिला. पाऊण तास. ती स्टुलावर, तो शेजारी, हात वर. त्याच्या मनगटावरून पाण्याचा एक ओघळ बाहीत शिरत होता आणि तिला तो पुसावासा वाटत होता.

"खाली करा हात... दुखतील," ती पुटपुटली.

त्याने मान हलवली. नाही.

"हट्टी आहात."

त्याने मान हलवली. हो.

आकडे मात्र जिथल्या तिथे होते. ठिपके होते आणि शेव खपत होती. तिसऱ्या आठवड्यात मनालीला कारण दिसलं, आणि तिने कपाळावर हात मारला. गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडून नुसतं नाव सांगायचं. पाकीट लडीतून तोडायचा संघपाल, ठिपका दिसायचा संघपालला, आणि पाकीट हातातून पिशवीत जायचं. अख्ख्या पवनीत लाल ठिपका रोज नेमाने वाचणारा एकच माणूस होता आणि त्याचंच तोंड तिने बंद केलं होतं! मोठ्या शहरातल्या दुकानांसाठी कुणीतरी आखलेला अभ्यास, जिथे लोक स्वतः फळीवरून माल उचलतात. इथे कोण उचलू देतं? तिने ते सगळं वहीत लिहून काढलं, संतापाने, पेन दाबून.

पाचव्या आठवड्यात देवकाबाई आल्या. धानाच्या बांधीत उभं आयुष्य गेलेली बाई, साठीनंतर साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेली. त्यामुळे समोर जे लिहिलेलं दिसेल ते वाचून बघितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. शेवेचं पाकीट त्यांनी हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं.

"मी... ठ. जा... स्त." त्या थांबल्या. "मीठ जास्त? अन् डॉक्टर तं मले मीठ बंद म्हनते! खरं आहे का रे हे?"

संघपालचा हात पाटीकडे गेला. पाटी वर झाली. पण त्याचा चेहरा! सगळे शब्द ओठांपर्यंत येऊन एकमेकांवर आदळत होते. मनालीने श्वास रोखला. एक शब्द, आणि सगळं पुन्हा गेलं.

देवकाबाईंनी पाटीही वाचली, सावकाश. मग पाकीट परत ठेवलं. "नाही तं नाही. फुटाने दे."

त्या गेल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मनालीचे डोळे भरले होते, त्याचेही. पाच आठवड्यांत एक पाकीट एका बाईने स्वतः वाचून परत ठेवलं होतं, कुणाच्या सांगण्यावरून नाही, कुणाच्या परीक्षेसाठी नाही. तिने वहीत एक रेघ ओढली. त्या क्षणी तिला त्याचा हात धरायचा होता. फार धरायचा होता. चार ते सातच्या मध्ये ते नियमात बसतं का, हे तिला ठरवता आलं नाही आणि तेवढ्यात कुणीतरी साबण मागायला आलं.

शेवटच्या शनिवारी सात वाजता तिने वही मिटली. गाईड मॅडमचा निरोप सकाळीच आला होता: काउंटरवरच्या दुकानात ठिपका कुणाला दिसतो, हेच आता प्रबंधात मांडायचं. आकडे लहान आहेत, पण खरे आहेत.

"झालं," मनाली म्हणाली. "आता बोला."

संघपालने तोंड उघडलं. आणि मिटलं.

"अहो, बोला ना!"

"उद्यापासून तुमी... येनार नाही," तो म्हणाला. सहा आठवडे या वेळेला न वापरलेला आवाज जरा खरखरत होता.

"काम संपलं ना."

"हो. संपलं." तो तराजू पुसू लागला. स्वच्छ होता तो. "मले तुमच्याशी... म्हनजे तुमी रोज आल्या तं... लगन..." तो एकदम थांबला. "नाही. मी काही सुचवत नाही."

"काय?"

"तुमचं तुमी ठरवा. मी बोललो का तुमच्या मनावर जोर पडते. मग तुमचं जे उत्तर येईल ते तुमचं कसं? मी गप्पच बसतो." आणि खरंच, त्याने ओठ मिटले, हाताची घडी घातली आणि देवळातल्या मूर्तीसारखा उभा राहिला.

मनाली बघतच राहिली. हा शिकला! साऱ्या विदर्भात तटस्थपणा नेमका यालाच कळला, आणि तोही आज!

पडद्यामागून पंचफुलाबाईंचा आवाज आला. "अरे, इचार ना तिले! मी कान लावून लावून थकली!"

"आई, तू बोलू नको. तिचं तिले ठरवू दे."

"संघपाल!" मनाली ओरडली. पहिल्यांदाच नुसत्या नावाने. तिने वही काउंटरवर आपटली, आत जायच्या वाटेवरची फळी उचलली आणि जिथे गिऱ्हाइकाने कधी पाऊल ठेवायचं नसतं त्या बाजूला, थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अभ्यास संपला. वही बंद आहे. आणि मी दोन महिन्यांपूर्वीच ठरवलंय, कागद फाडला ना, त्याच दिवशी. तू मला आवडतोस. एवढी मी आयुष्यात कुणावर चिडले नाही, आणि एवढं कुणी मला आवडलं नाही. आता तरी काहीतरी सुचव!"

त्याच्या गालावर खळी पडली. "माह्याशी लगन कर," तो म्हणाला.

"करते," मनाली म्हणाली, आणि शेवटी एकदाचा तिने त्याचा हात धरला.